सुलतान बाजारातली चूल

हैदराबाद, ता. ६ जानेवारी १९४१

चि. व्यंकटराव यांस चतुराबाईचे अ. उ. आ. वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल. पत्र मी सांगते आहे आणि शकुंतला लिहिते आहे. माझे काही शब्द लेकीला कडक वाटतात म्हणून ती गाळते. तेव्हा जे गाळले तेही वाचलेत असे समजा.

शकुंतलेचे बाळंतपण उरकून सव्वा महिन्यात बाळापूरला परत येते म्हणून निघाले होते, त्याला तीन महिने झाले. काय करू, हे शहर सोडवत नाही. रस्ते सिमेंटचे, पायाला चिखल म्हणून लागत नाही. लोक मोठे अदबीचे. दोघे दारात समोरासमोर आले की आधी तुम्ही, आधी तुम्ही करत तिसऱ्याची वाट अडवतात. वेळेचा मात्र कुणाला पत्ता नाही. गोष्ट कालची असो की दहा वर्षांपूर्वीची, इथे ती ‘परसों’च झालेली असते. जावईबापूंनी चारमिनार दाखवला. जवळच्या चुडीबाजारात लाखेच्या बांगड्यांचा असा झगमगाट, की मी अर्धा तास नुसती पाहत उभी राहिले. विधवा बाई बांगड्यांच्या दुकानापुढे काहून उभी, असे एकानेही विचारले नाही. आपल्या गावात हे जमले असते का?

खोट एकच, जिकडेतिकडे भात. आमच्या गल्लीत परभणी-नांदेडकडची शिकायला आलेली पोरं खोल्या करून राहतात. ती भाकरीवाचून पार सुकली होती. चार दिवस मी थापून दिल्या. पाचव्या दिवशी ती म्हणाली की फुकटचे आता गोड लागत नाही, म्हणून पैसे घेऊ लागले. सुलतान बाजारात एका ओसरीवर चूल मांडली आहे. जावईबापू आधी बिचकले, आता पहिल्या पंगतीला बसतात. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे म्हणून लिहिले.

चि. सौ. मंजुळेस माझी आठवण सांगा. राग हवा तेवढा करा, माया तेवढी कमी करू नका.

चतुराबाई

आखाडा बाळापूर, ता. १५ जानेवारी १९४१

गं. भा. वहिनींचे सेवेशी, व्यंकटरावाचा सा. न. वि. वि. आपले पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. सौ. म्हणते जेवलो, पण घास गोड लागला नाही हे तरी खरे.

वहिनी, आपल्या घराण्यातल्या बाईने शिजवलेले अन्न विकावे? दादा जाऊन अकरा वर्षे झाली, आपला पदर कधी ओसरीबाहेर कुणाला दिसला नाही, आणि आता एकदम भर बाजारात? काल पारावर नामाजी पाटलांनी चारचौघांत विचारले की वहिनींच्या खाणावळीत गाववाल्यांना काही सूट मिळेल काय. मी मान खाली घालून घरी आलो.

इकडे ज्वारीची सुगी तोंडावर आली आहे. वीस माणूस कामावर लागेल. एकटी मंजुळा कुठवर पुरणार? पीठ ओले होते, भाकर करपते, गडी कुरकुरतात. तरी औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेआधी आपण निघून यावे. न आल्यास या घराचे दार आपल्याला बंद समजावे. हे वाक्य मी दोनदा खोडले, तरी लिहिले.

धाकट्या दिराचे काही चुकले असल्यास पदरात घ्यावे, पण यावे.

आपला,
व्यंकटराव

हैदराबाद, ता. २३ जानेवारी १९४१

चि. व्यंकटराव यांस आशीर्वाद. पत्र पोचले.

तुमचे दादा गेल्यापासून अकरा वर्षे मी तुमच्या घरी रोज चाळीस भाकरी थापल्या, सुगीत साठ. धुराने डोळे लाल व्हायचे, तेव्हा घराण्याची अब्रू कुठे गेली नव्हती. त्याच हातांनी तीच भाकर इथे थापली, की गेली? फरक एवढाच की इथली पोरं जेवून उठताना म्हणतात, अम्मा, आज भाकर फार छान झाली. तुमच्याकडे अकरा वर्षांत ती कडक झाली एवढेच माझ्या कानावर आले.

नामाजी पाटलांना सांगा, सूट मिळणार नाही. आणि इथे प्रत्येकाला आपले ताट आपण धुवावे लागते, तेही पाटलांना आधीच सांगून ठेवा.

दाराचे म्हणाल, तर त्या दारातून मी माप ओलांडून आत आले तेव्हा तुम्ही शेंबडे पोर होता. ते मला बंद करणारे तुम्ही कोण? येईन तेव्हा पुढच्या दारानेच येईन. पण राहायला येणार नाही. लेकीवरही भार टाकलेला नाही. शेजारी एक खोली घेतली आहे आणि तिची किल्ली माझ्या कमरेला आहे. या जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे एखाद्या दाराची किल्ली आली, ती मी देणार नाही. (इथे मी तीन ओळी गाळल्या आहेत, काका. शकुंतला.)

जे बोलले ते मनात ठेवा, मला मनातून काढू नका.

चतुराबाई

आखाडा बाळापूर, ता. २ फेब्रुवारी १९४१

गं. भा. वहिनींस सा. न. वि. वि. आपल्याशी पत्राने बोलण्यात अर्थ उरला नाही. बाईचे ऐकाल तर बाईचेच, म्हणून सौ. मंजुळेस धाडतो आहे. दोन्ही पोरं हिंगोलीला शाळेत आहेत, तेव्हा तिला निघता येते. सोबत आपला जुना गडी मसाजी आहे. वारंग्यापर्यंत बैलगाडी, पुढे नांदेडपर्यंत मोटार, मग रेल्वे. तिने अजून नांदेडही पाहिलेले नाही, तरी सांभाळून घ्यावे. आपल्याला काय सांगायचे ते मी तिच्याकडून पाठ करून घेतले आहे.

चार दिवसांत दोघींनी निघावे. तोवर शेजारणीकडून भाकरी मागून भागवतो. अधिक काय लिहू, लवकर यावे.

व्यंकटराव

हैदराबाद, ता. १४ फेब्रुवारी १९४१

चि. व्यंकटराव यांस आशीर्वाद. मसाजी एकटाच परत येतो आहे, त्याच्यावर रागावू नका. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे.

मंजुळेने आल्या आल्या तुमचा निरोप शब्दन् शब्द सांगितला, तोही तुमच्यासारखा घसा खाकरून. शकुंतलेला हसू आवरेना. मग मंजुळा म्हणाली की सांगायचे होते ते सांगून झाले, आता चार दिवस मी झोपते.

मी तिला पिठाला हात लावू दिला नाही. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे चटके आहेत. तुमच्या नजरेला ते कधी पडले का? मी स्वतः तिला दोनदा जा म्हटले, सुगी आहे म्हटले. ती जात नाही. तिला न्यायचे असेल तर तुम्ही या, पण चुलीपाशी दुसरी बाई ठेवून या. नुसते शब्द देऊ नका, बाई ठेवून या.

काल संध्याकाळी आम्ही दोघी हुसेनसागराच्या बांधावर वाऱ्याला बसलो होतो. शहरातली माणसे तिथे उगीच, काही काम नसताना येऊन बसतात. मंजुळा एकाएकी रडायला लागली. घरची आठवण आली असेल म्हणून मी विचारले, तर म्हणाली की आठवण न्हाई हो आक्का, आज सकाळपासून मला कुनी कामाला हाकच मारली न्हाई.

मला वाटले होते तिला समजवावे. काय समजवू? मीही तिच्या शेजारी बसून रडले.

आशीर्वाद आहेच, तो मागावा लागत नाही.

तुमची वहिनी,
चतुराबाई