ओवाळलेले तांदूळ

३ नोव्हेंबर, सोमवार

दहिवलीला खोली मिळाली. खिडकीतून कापून मोकळी झालेली भातशेतं दिसतात. भिंती नुकत्याच रंगवलेल्या आहेत आणि घरमालकीण बडबडी आहे. लग्न का नाही केलं, हे तिनं चहा गाळता गाळता विचारून घेतलं.

कारखाना खोपोलीच्या रस्त्याला, खालापूरच्या हद्दीत. इथे औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात. मी कामगार कल्याण अधिकारी. व्यवस्थापक हरेश सर म्हणाले की माणसं दमली आहेत, रजा वाढल्या आहेत, कोणी तोंड उघडत नाही. तुम्ही त्यांना बोलतं करा. मला स्वतंत्र खोली आणि टेबल दिलं आहे. खूप दिवसांनी मी गुणगुणत घरी आले.

६ नोव्हेंबर

फाटकासमोर तिठा आहे. सकाळच्या पाळीचा प्रत्येक माणूस तिथे थांबतो, खिशातले मूठभर तांदूळ स्वतःच्या डोक्यावरून ओवाळून टाकतो आणि मागे न बघता आत येतो. आजारी मुलावरून उतारा काढतात हे मला माहीत होतं. कामावर जाताना स्वतःवरून काढणारी माणसं आज पाहिली.

नामा इथला सर्वांत जुना ऑपरेटर. त्याला विचारलं. गेल्या वर्षी सोबतच्या गजाची बोटं मशीनच्या मिटत्या साच्यात गेली, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणाला. भीती घेऊन मशीनला उभं राहायचं नाय, ती बाहेर ठेवायची. मग तिचं काय होतं, असं विचारल्यावर म्हणाला, टेंपोच्या चाकाला लागून जाते मुंबईला, तिथं सगळं खपतं. सगळे हसले. मीही हसले.

१० नोव्हेंबर

परदेशी ग्राहक पाहणीला येणार आहेत. फाटकासमोरचा तांदळाचा सडा सरांना नको आहे. मी सुचवलं की बंद करू नका, आत आणू. माझ्या टेबलावर पातेलं ठेवायचं. प्रत्येकानं तांदूळ ओवाळून त्यात टाकायचे आणि काय उतरवतोय ते एका वाक्यात सांगायचं. मी ऐकायचं. सरांनी खुशीनं टेबलावर थाप मारली.

कामगार आधी घुटमळले. मग नामाच पुढे आला. म्हणाला, टाकतो म्याडम, पण आता याच्या धनी तुमी हां. पुन्हा हशा.

१४ नोव्हेंबर

माणसं बोलू लागली आहेत. टार्गेट गाठलं नाही तर काढतील. घरी कोणी बोललं की अंगावर जातो. प्रवीणला स्वप्नात मशीन बंद करता येत नाही. बहुतेकांची भीती एकच आहे: साचा मिटेल आणि हात आत राहील. एवढं बोलून ते निघतात, तेव्हा चालच बदललेली असते.

तांदूळ चांगला आहे, फेकवत नाही. दुपारी सोमी फरशी पुसायला येते. पळसदरीच्या धरणामागच्या वाडीत राहते. नवरा शुक्रा, सासू, दोन मुली. सकाळचा प्रकार तिनं पाहिलेला नाही. तिला पिशवी भरून दिली. ती इतकी संकोचली की मलाच बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

रजा घटल्या. सर खूश. नामानं विचारलं की तांदूळ जातो कुठं. गरजूंकडे, मी म्हणाले. नामा म्हणाला, जाऊ द्या, आमच्या डोक्यावरून गेलं ना.

मी पुढे काही विचारलं नाही.

सोमी हल्ली दचकते. बादली ठेवली तरी हात झटकन मागे घेते.

२७ नोव्हेंबर

प्रवीणचा हात साच्यात गेला.

मी तिथेच होते. अडकलेलं झाकण काढायला त्यानं हात घातला. साचा मिटायला लागला, तो त्याला दिसत होता. नामा ओरडला. प्रवीणनं हात काढला नाही. घाई नव्हती त्याला. चेहरा शांत होता, एखादा माणूस उन्हात बसलेला असावा तसा.

पंजा गेला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, भीती वाटलीच नाय.

बाकीचे थोड्या वेळानं कामाला लागले. कोणाचाही हात कापत नव्हता.

२ डिसेंबर

सोमी आली नाही म्हणून वाडीवर गेले.

शुक्रा अंगणात बसला होता. मशीनवर उभं असल्यासारखा हवेत काहीतरी ओढायचा, हात आत घालायचा, झटकन काढायचा, ढकलायचा. पुन्हा ओढायचा. शुक्रानं कारखाना आतून कधी पाहिलेला नाही. शेजारी त्याची आई बसली होती. तेच करत होती. दोन्ही मुलीही. सगळ्यांचे हात एका वेळी पुढे, एका वेळी मागे. धाकटीच्या तळहाताला फोड आले होते.

सगळ्यांना वाढून उरलं तरच खाणारी सोमी म्हणाली की यांचे हात झोपेतही थांबत नाहीत. जेवत नाहीत. धाकटी काही दिवसांची सोबती आहे असं वाटतं. तिनं मला विचारलं की टार्गेट म्हणजे काय, मुली सारखं तेच म्हणतात.

चुलीवर भात होता.

३ डिसेंबर

सरांना सांगितलं की हे बंद करा. ते म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

पातेलं कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणसांनी तांदूळ टेबलावर ओतले. नामाला सोमीच्या घरचं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, आमाला वाटलंच होतं कुणीतरी खात असंल. मग ओवाळले, टाकले आणि गेला.

५ डिसेंबर

दुसरा उपाय नव्हता. वाडीवर गेले. सोमीला म्हणाले, घरात उरलेले तांदूळ सगळ्यांवरून ओवाळ आणि मला दे, मी तिठ्यावर टाकते. तिनं ओवाळले.

मी ते टाकले नाहीत. टाकले तर कोणीतरी ओलांडणार. खोलीवर आणून शिजवले. सगळे खाल्ले.

आधी दिलेले तांदूळ कुठले, ते मात्र सोमीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

६ डिसेंबर

निरोप आला. धाकटी जेवली. शुक्राचे हात थांबले.

माझे —

लिहिताना मधेच ओढतात. पेन सुटतं.

८ डिसेंबर

काढतील. टार्गेट नाही झालं तर काढतील. कोणाचं हे वाक्य — माझं नाही. घरी बायको — मला बायको नाही. साचा मिटतोय. टेबलावर काहीच नाही, तरी मिटतोय. हात काढ. काढ. काढ —

घरमालकिणीनं चहा आणला. मी तिचा हात कपासकट मागे ओढला. भाजली ती. तिला वाचवलं मी. तिला कळत नाही.

९ डिसेंबर

सर आले. फार समाधानी. आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही हे सुरू झालं म्हणाले. तिथले तांदूळ इथेच येतील, ऐकायला तुम्ही आहातच.

टेंपो आला. पोती उतरवतायत. कारखान्यातल्या माझ्या खोलीत. भिंतीला लावून. दारापर्यंत —

इतकं मी नाही खाऊ शकत.

दुपार

सोमी आली. कामाला परत. बरी दिसते. घरात दाणा नाही, म्हणते. पिशवी आणलीय.

नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. ती पोत्यांकडे बघते. इतकं असून बाई नाही का म्हणते — तिला कळेना. सांगते आता. सगळं सांगते.

मूठ कधी भरली माझी. डोक्यावरून कधी —

हात थांबले. किती दिवसांनी. अक्षर बघ कसं सरळ येतंय. खोलीत शांत आहे, आणि तिनं पिशवी पुढे धरली आहे, आणि मी फक्त एक मूठ, एकच, ओवाळून पिशवीत —

आणखी एक —

ती हसली. पिशवीला गाठ मारली. दारापाशी पोहोचली. हाक मारायला हवी, अजून ऐकू जाईल, उठायला हवं. पण इतकं हलकं वाटतंय. घाई नाही. मारते हाक. सो