बाबांच्या कानातलं यंत्र

चिमे,

अध्यक्षीणबाई झालीस म्हणून सगळ्यांनी तुझं अभिनंदन केलं. माझं तेवढं राहिलं, ते राहूच दे.

आईला ऐकू येईना म्हणून बाबांनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पहिलं श्रवणयंत्र जोडलं. पुढे दुकानाचा कारखाना झाला. गिऱ्हाइकाच्या कानाच्या मापाचे साचे करणारा विभाग मी उभा केला. तू बाहेर शिकून आलीस, विक्री सांभाळलीस आणि बाबांच्या खुर्चीत बसलीस. तेही मी गिळलं असतं. पण आता बाबांनाच ऐकू येत नाही, आणि माझ्यासमोर ते यंत्र काढून ठेवतात. तुझा फोन आलाय अशी मी खूण केली, की मात्र लगबगीने कानात घालतात! साचा माझ्या हातचा, आणि त्यातून ऐकायचं तुला.

आज तुझा फोन वाजला तेव्हा मी खूण केली, पण यंत्र मुठीत धरून बसले. बाबांनी टेबल चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं.

"दे ते इकडे."

"माझ्याशी बोलताना बरं लागत नाही कधी!"

"तुझं बोलणं मला तुझ्या तोंडावरून कळतं गं. फोनवर तिचं तोंड कुठे दिसतं?"

मी मूठ उघडली. तुमच्या गप्पा रंगल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तुझी कीव आली. वाटलं, तुला कळवावं की एकदा घरी ये, त्यांच्यासमोर निवांत बस.

नको. तू आपला फोनच करत जा.

तुझी,
ताई