ईश्वरीचं माप

कॅलगरी, मे महिना

तीर्थरूप अप्पा,

हे पत्र टाकायचं धाडस मला होणार नाही, तरी लिहितोय.

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही ईश्वरीच्या युनिफॉर्मचं माप मागितलंत. "शाळा उघडायच्या आत याल की रे यंदा? दोन बोटं वाढतंच शिवतो," म्हणालात. निघताना मी दोन वर्षांसाठी म्हणालो होतो, त्याला आता चार झाली. दुकानात वरच्या फळीवर तिचे दोन कोरे युनिफॉर्म पडून आहेत, आणि गिऱ्हाईक कितीही अडलं तरी तुम्ही त्यांना हात लावू देत नाही, असं अक्का सांगते.

काल माप मागितलंत तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी टेप आणायला उठलो.

ईश्वरीला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ मारली आणि तुम्हाला उंची सांगितली. तुम्ही लगेच म्हणालात, "अरे, भाड्याच्या भिंतीवर रेघा ओढू नकोस, घरमालक बोलेल."

पुसतो म्हणालो, अप्पा. पुसली नाही. फेब्रुवारीपासून ती भिंत आमचीच आहे.

तुमचा,
नागेश