फ्रू होल्कचं नाक

९ जानेवारी
नवं वर्ष लागून आठवडा झाला, निश्चय आज करतेय. उशीर नव्हे. बाकीच्यांचे मोडायची वाट बघत होते. बेर्न्टीना सुईणीचं चित्रपुस्तक जूनअखेर ओस्लोला पाठवायचं, आणि माणसांवर वसकायचं नाही.
शाळा मी लवकर सोडली आणि मासे चिरायला लागले. नाताळच्या चित्रवहीत माझी दोन पानं छापून आली तेव्हा कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, हात धुऊन काढलीस ना? आज माझ्या नावावर दोन पुस्तकं आहेत. एक जुन्या कादंबरीवरून, दुसरं ध्रुवावर गेलेल्या जहाजावरच्या आचाऱ्याचं चरित्र. कादंबरी मी वाचली नाही, मासे चिरताना कानात लावून ऐकली. शेवटचा भाग ऐकायचा राहिला म्हणून शेवट मीच केला. पेपरात आलं, धाडसी.

१४ जानेवारी
बेर्न्टीनाची गोष्ट अख्ख्या बेटाला पाठ आहे. वादळात पलीकडच्या बेटावर बाळंतपणाला जायचं होतं. व्यापाऱ्याच्या बायकोनं, बाईसाहेब फ्रू होल्कनं, बोट दिली नाही. म्हणाली, नुकता रंग दिलाय. बेर्न्टीना फुटक्या होडीतून वल्हवत गेली. मूल वाचलं, आई गेली.
असल्या बाईची मला मनापासून चीड आहे. पण तिला तोंड हवं. बेर्न्टीनाचा एक फोटो आहे, त्यात डोक्यावरच्या रुमालाखाली नुसती हनुवटी. तिचं तोंड मनानं काढीन. फ्रू होल्कचं तर तेवढंही नाही.
शेजारची ओस्लौग आली होती, बर्फ उडवायचं यंत्र मागायला. मी म्हटलं, नवं आहे गं, एक हिवाळा जाऊ दे. ती म्हणाली, असू दे, फावडं आहे माझ्याकडे. समजूतदार बाई.

२१ जानेवारी
तोंड सापडलं. ओस्लौगचं. सरळ नाक, बारीक ओठ, मान अशी ताठ की बसली तरी उभी वाटते. गेल्या वर्षी गाव सभागृह रंगवायला जमलं तेव्हा ती सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, आमची तोरब्योर्ग बरोब्बर कॉफीच्या वेळेला येते. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कलेला नाक लागतं.
तिला सांगितलं, पुस्तकासाठी तुझं तोंड हवंय. तिनं विचारलं, बेर्न्टीनासाठी? माझ्या तोंडात वॉफल होतं. मी हं म्हटलं.

४ फेब्रुवारी
आता दर आठवड्याला येऊन समोर बसते. वॉफलं आणते, वर तपकिरी चीज, कापही जाड. आज म्हणाली, नवरा गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. हल्ली पेन्सिली फार हलक्या येतात.
उद्या सांगून टाकते.

५ फेब्रुवारी
नाही सांगितलं. वारा फार, फेरीबोट बंद. तिच्या घरी जायला फेरीबोट लागत नाही, कुंपण ओलांडलं की झालं, पण असल्या हवेत असलं बोलू नये.

१८ फेब्रुवारी
नवी अडचण. ओस्लौगला रागच करता येत नाही. म्हटलं, कुणी बोट मागतंय आणि तुला द्यायची नाही, तसं तोंड कर. तिनं केलं. पोट दुखत असल्यासारखं दिसलं. वर विचारते, पण मी का नाही देणार? शेवटी भुवया, नाकपुड्या, ओठाचा खाली ओढलेला कोपरा, हे सगळं मी टेबलावरच्या आरशात बघून काढलं. सगळेच चित्रकार तसं करतात. मला ते चटकन जमतं.
हात काढायचा मला कंटाळा. तिचे समोर होते तसे उतरवले, बोट ओढायच्या विंचमध्ये सापडून वाकडी झालेली करंगळी धरून, आणि बेर्न्टीनाला चिकटवून टाकले. हातांकडे कोण बघतंय.

१२ मार्च
ओडवार मत्स्यशेतीवरून आला, ओल्या बुटांनी थेट माझ्या टेबलापाशी. फ्रू होल्कचं पान बघत राहिला आणि मोठ्यानं हसला. हा नवरा हसतो हे मी विसरले होते. म्हणाला, हिला ओळखतो मी. मी म्हटलं, मग तोंड बंद ठेव. म्हणाला, लग्नापासून तेच करतोय.
म्हणजे ओस्लौग हुबेहूब उतरलीय. मी पानाकडे बघत बसले. बटाटे करपले ते त्यामुळे.
निश्चय. नाक बदलायचं, सगळ्या पानांवर. फार तर आठवड्याचं काम.

२ एप्रिल
ईस्टर. एका पानावर नाक बदललं. बटाट्यासारखं दिसलं, तेही करपलेल्या. परत होतं तसं केलं. ईस्टरला या देशात कुणी काम करत नाही, मीच का करू? संत्री खाल्ली.

१७ मे
राष्ट्रदिन. झेंडे, बँड, मिरवणूक. ओस्लौगनं आईचा बुनाद घातला होता. सणाचा पोशाख तो, कमरेत इतका घट्ट की भाषणाच्या मध्येच एक हूक उडाला. म्हणाली, शरदात सैल करून घेते, पुस्तकाच्या समारंभाला हाच घालणार. ट्रॉम्सोहून बहिणीलाही बोलावलंय. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, ही माझी चित्रकार.
मला सॉसेज गेलं नाही. म्हणजे पहिलं गेलं. दुसरं गेलं नाही.

२० जून
ओस्लोहून संपादकाचा फोन. आयविंद त्याचं नाव, पोरगेलासा आहे, हळू बोलतो, ऐकताना मला झोप येते. म्हणाला, फ्रू होल्क ही पुस्तकातली सगळ्यात जिवंत बाई आहे, मुखपृष्ठावर तिलाच घेऊ या का? मी म्हटलं, घे, आणि मोठी घे. फोन ठेवल्यावर काय बोलले ते कळलं.
पण आता पानं गेली. आता सांगून तरी काय उपयोग? एका अर्थी सुटले मी.

८ जुलै
सुटले नाही. म्हणून उपाय केला. पहिल्या पानावर छापा म्हणून आयविंदला कळवलं, ओस्लौगला प्रेमपूर्वक अर्पण. फिटलं.
ओडवारला सांगितलं. तो म्हणाला, चोराचं चित्र लावायचं आणि खाली शेजारणीचं नाव द्यायचं, तसंच ना हे? लगेच ओस्लोला फोन केला. कुणी उचलत नाही. जुलैत हा देशच सुट्टीवर असतो. मी काय करणार.

८ नोव्हेंबर, दुपारी
आज समारंभ. पक्कं ठरवलंय. ओस्लौगला सभागृहाच्या दारातच गाठायचं आणि पुस्तक उघडायच्या आत सांगायचं. भाषण तयार आहे. सुरुवात अशी, ओस्लौग, कलेला नाक लागतं.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
दारात गाठता आलं नाही. मी कॉफीच्या वेळेला पोचले, तोवर ती पहिल्या रांगेत बसलेली. बुनाद सैल केलेला, केस बसवलेले, शेजारी बहीण, मांडीवर पुस्तक.
मी चार शब्द बोलले. मग पानं उलटल्याचा आवाज. एकेक जण मुखपृष्ठाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग कपात. या बेटावर कुणी तोंडावर बोलत नाही, त्यापेक्षा बोललेलं परवडलं. एका म्हातारीनं माझ्या दंडावर थोपटलं. बदामाच्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा मला दिला. फाशीच्या कैद्याला देतात तसा.
ओस्लौग लवकर उठली. पुस्तक छातीशी धरून, माझ्याकडे न बघता गेली. अर्पणपत्रिका तशीच होती.

९ नोव्हेंबर
तिच्या फाटकापर्यंत गेले. खिडकीत दिवा होता. परत आले. बहीण आलेली, उगाच घरच्यांत कशाला घुसायचं.

१२ नोव्हेंबर
सकाळी ओस्लौगच आली. हातात वॉफलांचं ताट. मला वाटलं, शेवटची वॉफलं. म्हटलं आता बोलायचंच, आणि सुरू केलं, ओस्लौग, नाकाचं असं झालं.
तिनं माझा हात धरला. म्हणाली, नाकाबद्दल बोलू नकोस. त्या दिवशी मला तुझ्याकडे बघवेना, म्हणून उठले. आम्ही तुला असं कधी म्हटलं नसतं गं. मनात आलं असेल, पण म्हटलं नसतं. आणि तू स्वतःच स्वतःला फ्रू होल्क म्हणून काढलंस, तीही मुखपृष्ठावर, एवढी मोठी. माझी बहीण म्हणाली, असली धाडसी बाई या किनाऱ्यावर झाली नाही. सगळं बेट तेच म्हणतंय.
मी म्हटलं, अगं, पण ते तोंड. ती म्हणाली, मी काय ओळखत नाही का तुझं तोंड? यंत्र मागायला आले होते तेव्हा अस्संच होतं.
मग तिनं पुस्तक उघडलं, वादळाचं पान. वल्ह्यावरच्या करंगळीवर आपली करंगळी ठेवली. दोन्ही वाकड्या. म्हणाली, बेटावरच्या मुलांना ही करंगळी दाखवून दाखवून थकले, हे बघा, हे मी. चेहरा बेर्न्टीनाचाच ठेवलास ते बरं केलंस. तिचा मान तिला. पण वल्ही माझ्या हातात दिलीस, मला पुष्कळ झालं.
आणि रडली. चक्क ओस्लौग रडली.
तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोंडात वॉफल होतं.
ती गेल्यावर आरशात बघितलं. नाक सरळ. ओठ बारीक. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.
बाहेर बर्फ पडायला लागला. ओडवार मला न विचारता आपलं यंत्र ओढत तिच्या अंगणाकडे निघाला. मी खिडकी उघडून ओरडले, अरे, जपून, रंग जाईल त्याचा.
तो थांबला. वळून माझ्याकडे बघितलं. मग यंत्र ओढत तिच्या अंगणात शिरला.
मी खिडकी लावून घेतली.