शेवंतीचं माहेरपण

नाशिक,
९ नोव्हेंबर

ती. नवसावहिनींस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं खुशाल. तुमच्या कानांना फोन सोसत नाही म्हणून लिहायला बसले. शिवाय हे फोनवर ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं. पाकीट तुमच्या ज्ञानेशच्याच हाती देते आहे. रोज सायखेड्याहून मोटारसायकलनं येतो-जातो, तेवढं तरी काम करू दे. तोंड डिंकानं पक्कं चिकटवलंय, कारण आत त्याचीच तक्रार आहे.

सिंहस्थ जवळ आल्यापासून नाशकात रस्ता कमी आणि खड्डे जास्त झालेत. श्रावणात केबलवाले आले, आमच्या फाटकापुढे चर खणला, नळाचा पाइप तोडला आणि चर तसाच उघडा टाकून गेले. त्यात आमचे हे एकदा पडले आणि दूधवाला दोनदा. तेव्हाच मी ठरवलं होतं, आता इथे कुणाला कुदळ लावू द्यायची नाही. आणि परवा सकाळी बघते तर बागेतून पिवळ्या रंगाची रेघ मारलेली! शेवंतीच्या दोन्ही वाफ्यांवरून, गुलाबांच्या मधून, थेट कागदी लिंबाच्या बुंध्यापर्यंत. गॅसची पाइपलाइन येणार म्हणे. शेवंती ऐन भरात आहे हो वहिनी. सकाळी दार उघडलं की पिवळ्या-पांढऱ्यानं डोळे भरून जातात.

मी खुर्ची घेतली आणि त्या रेघेवर जाऊन बसले. मशीनवाल्यानं मुकादमाला बोलावलं, मुकादमानं साहेबांना. साहेब आले ते डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हातात नकाशा. बघते तर आपला ज्ञानेश! मला वाटलं, आता हसेल, पाया पडेल आणि मशीन परत पाठवेल. तर हा सगळ्या मजुरांसमोर मला म्हणतो की मॅडम, काम अडवू नका, ही जागा लाइनमध्ये येते. मॅडम! अकरावी-बारावी ज्यानं माझ्या घरी राहून केली, रोज रात्री ज्याला गरम भाकरी लागायची, त्याची मी मॅडम झाले.

मी उठले नाहीच. पुढच्या आठवड्यात येतो म्हणून तो गेला. फाटकाशी थांबून वळून पाहिलं, पण आत्या म्हणून हाक काही मारली नाही. आज पाकीट न्यायला ये म्हणून यांनी त्याला फोन केला. आता तुम्हीच त्याला चार शब्द सुनवा. लाइन पलीकडून नेऊ दे, नाहीतर आभाळातून नेऊ दे, माझ्या बागेला हात लावायचा नाही.

दादाला नमस्कार सांगा, पण यातलं काही सांगू नका. तो लगेच मुलाची बाजू घेईल. उत्तर लौकर धाडा, आणि आहे ती माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
वत्सला


सायखेडा,
१२ नोव्हेंबर

चि. सौ. वत्सलास,
नवसावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डिंक येवढा लावला होता का उघडताना निम्मं फाटलं, मग जोडून वाचलं. तुझ्या दादांनीच वाचून दाखवलं, माझा चष्मा तेव्हा पिंपळगावला दुरुस्तीला होता, कालच आला. म्हणजे त्यांना सगळं कळलंय. लय हसले. तू खुर्ची टाकून बसलीस तिथं तर त्यांना ठसकाच लागला.

पण पोरगं हसत नाय गं. त्या दिवशी घरी आलं ते ताटावर बसून नुसतं भाकरी कुस्करत राहिलं. पत्र वाचल्यावर मी विचारलं, आत्याला मॅडम का म्हणलास. तर म्हणतो का आई, आत्या म्हणलो असतो तर सगळ्या गल्लीनं म्हणलं असतं, याच्या नातलगाची बाग वाचली आन् आमचीच खणली. मागच्याच गल्लीत एकानं तशी तक्रार केलीय. नोकरी अजून कच्ची हाय, फेब्रुवारीत पक्की करायची का नाय ते ठरणार. आन् एक सांगते, ते त्यानं तुला सांगितलं नसंल. तुमची गल्ली दुसऱ्या साहेबाकडं जाणार होती. तो न विचारता पहाटे मशीन घालतो. म्हणून ज्ञानेशनं मागून घेतली.

आता रागावू नको. तुम्ही भिंतीच्या बाहेर ते तारेचं कुंपण घातलं, तेव्हाच तुझे दादा म्हणले होते का ही पट्टी रस्त्याची हाय. तू म्हणालीस, रस्त्याला काय फुलं नको वाटत्यात का. आम्ही सगळे हसलो. आता रस्ता मागायला आलाय, त्याला काय सांगणार?

मला सुचलं ते सांगते. झाडं इकडं पाठव. घरामागं विहिरीजवळ वाफे मोकळे हायत, माती काळीभोर हाय, पाण्याला कमी नाय. बाळंतीण जशी माहेरी येती तशी येऊ दे त्यांना. तिकडचं खणणं-बुजवणं होऊ दे, मग बघू.

मी या घरात आले तेव्हा तू सातवीत होतीस. माझा पदर धरून हिंडायचीस. सासूबाई गेल्या तशी तू इथं मुक्कामाला आली नाय. भाऊबीजेला दादाच तिकडं येतात, ओवाळून घेतात आन् संध्याकाळच्या आत परत. विचारलं का तू म्हणतीस, यायचंय. झाडं आली तर त्यांच्या मागं तू येशील, असा माझा डाव हाय. उघडच सांगते, मला लपवता येत नाय.

दाजींना नमस्कार. त्यांचा मुका मार बरा झाला का? जिवाला जप, आन् आमच्यावर रुसायचं तर इथं येऊन रूस.

तुझी,
नवसावहिनी


नाशिक,
२४ नोव्हेंबर

ती. नवसावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी मी दोन दिवस नुसती फणफणत होते. पट्टी रस्त्याची आहे हे यांना विचारलं, तर हे म्हणाले की मीही तुला तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणे, मलाच तेवढं ऐकू आलं नाही. कान तुमचे गेलेत की माझे?

त्यानंतर जे घडलं ते सविस्तर लिहिते. मंगळवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी खणताना मशीनचा दात पाण्याच्या मोठ्या पाइपला लागला. कारंजं उडालं ते विजेच्या खांबाइतकं. सगळ्या गल्लीचं पाणी गेलं आणि सगळी गल्ली ज्ञानेशवर धावून आली. कुणी काय बोललं ते लिहीत नाही, तुम्ही आई आहात. तो कुणाला उलटून बोलला नाही. चिखलात गुडघाभर उतरला आणि मजुरांबरोबर पाइपला पट्टा आवळत राहिला. मी फाटकात उभी राहून सगळं पाहत होते. शेजारची सलिमा माझ्याजवळ येऊन म्हणाली की ताई, तुमचा भाचा काकडलाय, आणि तुम्ही अजून राग धरून उभ्या आहात? मी तशीच वळले, आत गेले आणि बंब पेटवला.

पाणी सुरू झाल्यावर त्याला हाताला धरून घरात आणलं. मजुरांसमोर आणलं, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आंघोळ घातली म्हणायची तेवढी बाकी राहिली. यांचा पायजमा त्याला आखूड झाला. पिठलं-भाकरी वाढली, तेव्हा खाली मान घालून म्हणाला की आत्या, चुकलं. मी म्हटलं, पाइपचं चुकलं की मॅडमचं? तेव्हा कुठे हसला.

जेवताना मुकादम त्याला बोलवायला आला आणि त्याच्याकडून मला आणखी एक कळलं. गॅसवाल्यांचं झालं की पुढच्या महिन्यात वीजवाले त्यांची केबल जमिनीतून न्यायला येणार होते. म्हणजे सगळं पुन्हा उकरणार. ज्ञानेश त्यांच्या ऑफिसात चकरा मारमारून आला आणि दोघांची कामं एकाच आठवड्यात बसवली. त्यात याचं काम मागे पडलं, म्हणून याच्या वरच्या साहेबानं त्याला भर रस्त्यात फोनवर झाडलं. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे आत्या, तुझी झाडं दोनदा नाही उपटायची.

वहिनी, त्याच संध्याकाळी मी कुंपणाची तार सोडायला घेतली. सलिमा आली, तिची लेक अरफा आली, समोरची आरोही आली. केबलच्या वेळी जो तो आपापल्या दाराशी उभा राहून शिव्या देत होता, या वेळी घमेली घेऊन आले. शेवंती मातीच्या गड्ड्यासकट काढली आणि ओल्या पोत्यात बांधली. गुलाब छाटले. मोगरा निघता निघेना, त्याला हे आणि ज्ञानेश दोघं लागले.

लिंबोणी मात्र नाही निघाली. एवढं जुनं झाड निघत नाही, ज्ञानेशनं सगळीकडून बघितलं. पाइप झाडाखालून रेटता येईल का म्हणून विचारून आला, पण खाली मोठा खडक लागला. तिच्यावर होती तेवढी लिंबं उतरवून गल्लीत वाटली. करवत आली तेव्हा मी आत जाऊन बसले. सलिमा जवळ बसून राहिली. तिच्या घरचं दरवर्षीचं लोणचं याच झाडाचं, त्यामुळे तिचेही डोळे कोरडे नव्हते. फार वेळ नाही लागला. त्याचंच वाईट वाटलं.

सलिमाचा भाऊ नौशाद भाजीचा टेम्पो चालवतो. तो उद्या सकाळी रिकाम्या फेरीला झाडं घेऊन निघेल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. शेवंतीला पहिले दोन दिवस सावली करा. दादाला म्हणावं, पाणी बेतानं, कांदा नाही तो. माझ्या लेकरांना सांभाळा आणि मलाही मनातून उतरवू नका.

आपली,
वत्सला


सायखेडा,
६ डिसेंबर

चि. सौ. वत्सलास,
अनेक आशीर्वाद.

तुझी मंडळी सुखरूप पोचली. नौशाद जेवून गेला. लाजत लाजत दोन भाकरी खाल्ल्या आन् तिसरी सलिमाबाईंना बांधून घेतली. भला माणूस हाय. टेम्पोतून उतरवताना येक येक पोतं असं धरीत होता, जसं काय आत झोपलेलं पोर हाय.

लावणी तुझ्या दादांनी केली. मला हात लावू दिला नाय. मला म्हणले का तुला ऐकू येत नाय, तुला काय कळणार. झाडं काय बोलत्यात का? पाणी बेतानं दे असं तू लिहिलंस ते त्यांना झोंबलंय. जल्म शेतीत गेला आन् धाकटी बहीण शिकवती, असं दिवसातून दोनदा म्हणतात. पण देतात बेतानंच.

शेवंतीनं येका आठवड्यात मान वर केली. गुलाब रुसलेत, पण काडी हिरवी हाय. मोगऱ्याचा येक फुटवा शेळीनं खाल्ला, ते तुला सांगू नको म्हणून दादांनी बजावलं होतं. सांगितलं. लिंबोणीचं वाचून मला लय वाईट वाटलं.

गावातल्या बाया बघायला येतात. वत्सलाची झाडं आली, वत्सला कधी यायची, असं विचारतात. मी काय सांगू? परवा बघते तर यांनी नदीकडची खोली झाडून काढली, चुना मारला, खिडकीची कडी बसवली. विचारलं, कुणासाठी. तर म्हणले, कांदा ठेवायला. कांदा कुणी चुना मारलेल्या खोलीत ठेवतं का गं?

तर झाडं आता टेम्पोनं परत यायची नायत. न्यायची असतील तर तू येऊन ने. संक्रांतीला ये, आठ दिवस राहा. दाजींनापण आण. ज्ञानेशच्या मोटारसायकलीवर बसू नको, तो लय पळवतो. वाट बघायला लावशील, पण ये.

तुझी,
नवसावहिनी


नाशिक,
२४ जानेवारी

ती. नवसावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या अर्ध्या सलिमाकडे गेल्या आणि उरलेल्या यांनी एकट्यांनी संपवल्या. आठ दिवसांचे दहा झाले, तरी हे म्हणतात की गोदाकाठी झोप चांगली लागते, पुन्हा जाऊ.

इकडे चर बुजले. गॅसची लाइन आणि विजेची केबल दोन्ही जमिनीत शांत झोपलीत, आणि वर खडी दाबून रस्ता सपाट केलाय. ज्ञानेशला पुढच्या दोन गल्ल्या अशाच जोडीनं करायला सांगितल्यात, त्यावरून नोकरीचं काय होणार ते मला दिसतंच आहे. कुंपण मी पुन्हा घातलं नाही. पट्टी मोकळी सोडली. सकाळी शाळेची पोरं तिच्यावरून जातात, आधी गाड्यांच्या मधून जायची. भिंतीच्या आत आता माझी एवढीशी बाग. मोगरा आणि दोन गुलाब तिथे लावले, मावले.

शेवंती तिकडेच का ठेवून आले ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. ते सांगायलाच हे पत्र.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही गोठ्यात धार काढत होतात. मी वाफ्यापाशी गेले तर दादा आधीच तिथे पाणी सोडत होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, नौशादच्या टेम्पोत काय काय चढवायचं. मी म्हटलं, मोगरा, दोन गुलाब, बाकी राहू दे. तो वाफ्यातलं तण उपटत राहिला. मग म्हणाला की आई गेल्यावर तू निघालीस ती सरळ एसटीत जाऊन बसलीस, मला वाटलं हे घर तुझ्यापुरतं संपलं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, दारात वाट बघणारं कोण उरलंय, असंच वाटायचं मला. तर म्हणाला, का, मी काय मेलो होतो?

तुम्हाला माहीत आहे तो कसा बोलतो. पण बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले. दोघं तसेच उभे राहिलो आणि पाणी वाफा भरून पायावरून वाहायला लागलं. मीच म्हटलं, बेतानं रे दादा. मग मात्र आम्ही दोघंही हसलो.

त्यावर तो म्हणाला की फूल सरल्यावर मार्चात शेवंतीच्या काशा काढून नव्यानं लावाव्या लागतात, ते मला काही जमायचं नाही, तुलाच यावं लागेल. वहिनी, डोळे मिटून कांद्याची रोपं लावणारा माणूस, त्याला बुडाशी फुटलेल्या काशा वेगळ्या करता येत नाहीत? मी आपली येते म्हणाले.

तेव्हा त्या खोलीत खरोखरचा कांदा भरू देऊ नका. दादाला नमस्कार, तुमच्या चष्म्याला आणि कानांना नमस्कार. मार्चात तुमच्या हातचं खायला येते आहे, तोवर घासातला घास माझ्या नावानं काढत जा.

आपली,
वत्सला