नावेच्या पोटात व्हॅनचं इंजिन

धाड, १२ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वर यास कडूबादादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं. कागदावर निदान शेवटपर्यंत ऐकशील. धरणावरची नाव तयार झाली. भंगारातल्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन मी स्वतः बसवलं. तू सांगतोस ते बोटीचं इंजिन म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. सोयाबीनच्या पोत्यांना तेल लागू नये म्हणून इंजिनावर घट्ट झाकणाची पेटीही केली. दसऱ्याला झाकण उघडून तुझी वहिनी इंजिनाला कापूरआरती करील, मग आळीतली सगळी लेकरं नावेत बसतील. रत्नागिरीला बोटी दुरुस्त करून तू शहाणा झालास, पण पाना धरायला माझ्याच हाताखाली शिकलास. लोभ आहेच, वाढवायची गरज नाही.

तुझा दादा

रत्नागिरी, २० सप्टेंबर २०२५

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमच्या हाताबद्दल शंका नाही. भीती त्या पेटीची वाटते. रस्त्यावर व्हॅनचं पेट्रोल गळलं तर खाली सांडतं, वाफ वाऱ्यावर जाते. नावेला खाली भोक नसतं, दादा. वाफ तळाशी साचून राहते. बोटीच्या इंजिनाचा स्टार्टर बंदिस्त असतो, ठिणगी बाहेर येत नाही. व्हॅनचा तसा नसतो. पाया पडतो, आरती तिथे नको आणि चावीही फिरवू नका. दिवाळीत येतो, दोघं मिळून बोटीचं इंजिन बसवू. राग आला तरी माया पातळ करू नये, ही विनंती.

आपला ज्ञानेश्वर

बुलढाणा, ९ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानेश्वरभाऊजींस रुखमाबाईचे आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून घाबरू नका, हे जिवंत आहेत. दवाखान्यातून लिहिते आहे. फोन करणार होते, पण यांनी शपथ घातली की ज्ञान्याले उत्तर कागदावरच जाईल.

तुमचं पत्र वाचून हे हसले. तरी आरती काठावरच करायला लावली, नावेत एकाही लेकराला चढू दिलं नाही. मग म्हणाले, हेच इंजिन आपल्या गॅरेजात शंभरदा चालू केलं, आता मले काय होते. एकटेच चढले. चावी फिरवली अन् झाकण उडालं, हे पाण्यात फेकले गेले. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. लेकरं वाचली ती तुमच्यामुळे. तुमचे उपकार मानू की रडू, मला कळत नाही.

बोटीचं इंजिन घेऊन या म्हणतात. पाना तुम्ही धरायचा, हे शेजारी बसून चुका काढतील.

लोभ असावा, एवढं तरी स्वतः लिहायचा यांनी हट्ट धरला होता. बोटांत पेन राहिना. ती ओळ कोरी सोडली आहे.