मारुतीजवळ सुई न्हाई

एकशेआठवरल्या पोरीस,

नाव सांगितलं न्हाईस, म्हणून पोरीच म्हणते. मी तलवाड्याची चतुराबाई. दुष्काळात सोसायटीनं गुरांसाठी चारा छावणी घातली, तिथं वैरणीच्या ढिगात माझ्या सुनेला, मुक्ताला, साप चावला. तवा मी लावलेला फोन तूच उचललास.

साप चावला की आमी माणूस मारुतीच्या पारावर नेतो. पुतण्यानं, आश्रुबानं, जीप चालूबी केलती. तू म्हणलीस, "आजी, पाय बांधू नका. तिला चालवू नका. गाडी निघाली आहे."

मी म्हणले, "तुला काय कळतं गं? मारशील तिला!" आणखी वंगाळ बोलले, ते लिहीत न्हाई.

तू फोन ठेवला न्हाईस. म्हणलीस, "मारुतीजवळ इंजेक्शन आहे का, आजी?"

सुई तर न्हाईच. जीप निघू नये म्हणून मी तिच्या चाकापुढं बसले. आश्रुबा वरडला, "काकू, सरक! मेली तर तुझ्यावर हाय!"

मुक्ताचे डोळे मिटायला लागले. तू म्हणलीस, "तिच्याशी बोलत राहा." मी काय बोलणार? आमचं बोलणं म्हणजे भांडण. म्हणले, "काल भाकरी कामून करपवल्या गं?"

तिनं डोळे उघडले. "जाळ तुमीच वाढवलाता, आत्या."

मग गाडीचा भोंगा ऐकू आला.

मुक्ता वाचली. दवाखान्यातून आल्यापासून लई उलटून बोलती. तुला फोन करून सांगावं वाटतं. पण माझ्या बडबडीत तुझा फोन अडकला, तर दुसऱ्या कुणाची सून मरायची. म्हणून कागदावरच बोलले.

मुक्ताची सासू,
चतुराबाई